शो-बड मॅव्हरिकला आजचा पर्याय कोणता घ्यावा?

टेक्सासकर_स्टील
नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि येथील एका हौशी कंट्री बँडमध्ये पेडल स्टील (आडवे ठेवून, तारांवर धातूची कांडी फिरवून वाजवायचे गिटार, ज्यात पायाची पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हर तारांचे स्वर बदलतात) वाजवतो. माझ्याकडे १९७० च्या दशकातील, शो-बड कंपनीचे मॅव्हरिक आहे: १० तारा, ई-नाइन ट्यूनिंग (कंट्री संगीतात प्रचलित असलेली तारांची स्वररचना), ३ पेडल आणि गुडघ्याने चालणारी एकच लिव्हर, जी ई ची तार अर्धा स्वर उतरवते. आवाजाबद्दल तक्रार नाही, परंतु आजचे बहुतेक शिक्षणसाहित्य किमान ४ लिव्हर गृहीत धरून लिहिलेले असते, त्यामुळे निम्मे धडे मला सोडून द्यावे लागतात. शो-बडचे उत्पादन १९८० च्या दशकातच थांबले. अशा स्थितीत आहे त्याच वाद्याला लिव्हर वाढवून घ्याव्यात, जुनेच पण वरच्या दर्जाचे शो-बड शोधावे, की नवे वाद्य घ्यावे? आवाजातील गोडवा जाऊ नये, एवढीच माझी अट आहे.

पेडलपंत
लिव्हर वाढवण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅव्हरिक हे नवशिक्यांसाठी काढलेले स्वस्तातले वाद्य होते. त्याची यंत्रणा मुद्दाम इतकी साधी ठेवली आहे की तीत भर घालण्याचा खर्च वाद्याच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

आपल्याला नेमके काय कमी पडते ते आधी पाहू. ई मेजर हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) मोकळ्या तारांवर मिळतो आणि ए व बी (तीन पेडलांपैकी दोघांची नावे) पेडल एकत्र दाबून सातव्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवरील सातव्या खुणेवर, मिळतो. परंतु तिसऱ्या फ्रेटवर तो मिळवायचा असेल, तर ए पेडलबरोबर ई ची तार अर्धा स्वर चढवणारी लिव्हर लागते, आणि तीच आपल्याकडे नाही. म्हणून ३ पेडल, ४ लिव्हर हा किमान संच धरून चालावे. जीएफआय, एमएसए आणि मलन या अमेरिकी नावांपासून शोध सुरू करावा. यांपैकी एमएसए १९८० च्या दशकात बंद पडली होती आणि या शतकात पुन्हा उभी राहिली, त्यामुळे त्या नावाचे वाद्य जुन्या बाजारात दिसले, तर ते कोणत्या काळातले आहे हे विचारून घ्यावे.

पाहायला जाल तेव्हा ट्यूनर (स्वर मोजणारे यंत्र) सोबत न्या. चौथी तार, म्हणजे ई, छेडून काट्याकडे लक्ष ठेवा आणि ए व बी पेडल एकदम दाबा. या दोन्ही पेडलांचा चौथ्या तारेशी काहीही संबंध नसतो, तरीही वाद्याचा सांगाडा ताणाखाली किंचित वाकत असल्याने काटा थोडा खाली येतो. हा उतार जितका कमी, तितकी बांधणी भक्कम. या बाबतीत नवी वाद्ये जुन्यांपेक्षा सहसा सरस ठरतात.

जुनं_ते_सोनं
पेडलपंतांचे यंत्रणेविषयीचे म्हणणे मान्य आहे, परंतु प्रश्नकर्त्याची अट आवाजाची आहे, हे त्यांनी बाजूला ठेवले. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी नॅशव्हिलमध्ये सुरू केलेल्या या वाद्याचा मेपलच्या लाकडातून आणि त्या काळच्या पिकअपमधून (तारांचे कंप टिपणाऱ्या विद्युत भागातून) येणारा आवाज हुबेहूब कुठेही मिळत नाही. शो-बडचेच प्रो-१ किंवा वादक लॉइड ग्रीन यांच्या नावाने निघालेले एलडीजी ही दोन्ही एकाच गळ्याची (तारांचा एकच संच असलेली) वाद्ये आहेत, आणि मिळाल्यास ती अवश्य पाहावीत. मात्र जुन्या शो-बडचे काही ओतीव धातूचे भाग ठिसूळ होऊन तुटतात. दुरुस्ती करणारा माणूस गाडीच्या अंतरावर असेल, तरच या वाटेला जावे.

मींड_पुणे
मी पुण्यात लॅप स्टीलवर (मांडीवर ठेवून वाजवायच्या, पेडल नसलेल्या गिटारवर) राग वाजवतो. पेडल स्टील माझे वाद्य नाही, तरी गोडव्याविषयी एक मुद्दा मांडतो. नवे वाद्य आल्यावर दहाही तारा ट्यूनरच्या शून्यावर आणल्या, तर वाद्य कितीही उंची असले तरी कॉर्ड कडवट लागेल. ई हा षड्ज धरला, तर जी शार्प हा गंधार होतो, आणि नैसर्गिक शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (१ सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. अनेक पेडल स्टील वादकही ही तार शून्याखालीच ठेवतात. पेडलने चढणाऱ्या स्वरांना तोच न्याय लावावा लागतो. तो वाद्याच्या टोकाला असलेले, हे स्वर जुळवायचे नायलॉन नट फिरवून लावता येतो. जुन्या मॅव्हरिकचा गोडवा किती लाकडाचा आणि किती कानाने लावलेल्या तारांचा, हे आधी तपासून घ्यावे.

टेक्सासकर_स्टील
सर्वांचे आभार. तारा मी आजवर कानानेच लावत आलो आहे, त्यामुळे शेवटचा मुद्दा पटला. नवे ३ पेडल, ४ लिव्हरचे वाद्य पाहायचे ठरवले आहे. माझी उंची सहा फुटांवर आहे. त्याने काही फरक पडतो का?

पेडलपंत
निश्चितच पडतो. मागणीनुसार घडवून घेत असाल, तर उंची सुरुवातीलाच कळवावी, म्हणजे वाद्य त्या बेताने उंच करून मिळते. तयार वाद्य असेल, तर नेहमीच्या खुर्चीच्या उंचीवर बसून, डावा पाय पेडलांवर आणि उजवा आवाज कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्यूम पेडलवर ठेवून पाहावे: मांड्या सांगाड्याला टेकत असतील, तर वाद्याला लांब पाय आणि त्यांच्या जोडीने लांब पेडल-दांडे (पेडल यंत्रणेला जोडणारे) मागवावे लागतील. एकटे पाय बदलून भागत नाही.