दातातला 'किरणोत्सर्ग' म्हणावं का?

प्रश्न : एका लेखाचं भाषांतर करते आहे. माणसाला पूर्वी किती रेडिएशन लागलं, ते दाताच्या एनॅमलवरून चुंबकीय अनुस्पंदनाने शोधतात, असा विषय. 'दातातला किरणोत्सर्ग मोजतात' असं लिहिलंय, पण खटकतंय. आणि एनॅमलला 'दंतवल्क' चालेल?

– खटकतंय ते योग्यच. उत्सर्ग म्हणजे सोडणं. मलोत्सर्ग, प्राणोत्सर्ग यांत तोच आहे. 'किरणोत्सर्ग' म्हटलं की किरण सोडणारा कुणीतरी आला. इथे दाताने काही सोडलेलं नाही, सोसलंय. बाहेरून आलं ते 'प्रारण', म्हणजे रेडिएशन. गॅमा किंवा क्ष-किरण एनॅमलमधून गेले की तिथल्या खनिजात मिसळलेल्या कार्बोनेटपासून मुक्त मूलकं तयार होतात आणि त्यांत एकेक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो. नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवून सूक्ष्मतरंग सोडले, की क्षेत्र आणि वारंवारता यांचा मेळ बसताच हे एकटे इलेक्ट्रॉन ऊर्जा शोषतात. तेच अनुस्पंदन. शोषण जितकं जास्त, तितकी प्रारणाची मात्रा मोठी. तेव्हा 'दाताने शोषलेली प्रारणमात्रा' लिहा.

– दंतवल्क जरूर वापरा, मला तो शब्द आवडतो. फक्त वल्क म्हणजे साल, आणि साल पुन्हा धरते. एनॅमल एकदा बनलं की शरीर ते नव्याने घडवत नाही. या पद्धतीचा सगळा आधार तोच आहे! हाडात झीज आणि भर सतत चालते, त्यामुळे तिथली खूण पुसट होत जाते. हिरोशिमातून वाचलेल्यांच्या दातांत मात्र ती कित्येक दशकांनीही मोजता आली.

– वरच्या 'दाताने सोडलेलं नाही'ला एक अपवाद. रशियात १९४९ ते १९५६ या काळात मायाक या अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या कारखान्याचं किरणोत्सर्गी सांडपाणी टेचा नदीत सोडलं गेलं. काठच्या लोकांच्या हाडांत आणि दातांत कॅल्शियमच्या जागी त्यातलं किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम-९० जाऊन बसलं. असा दात आतून खरोखरच किरण सोडतो आणि स्वतःच ते सोसतोही. तुमच्या लेखात टेचाचा उल्लेख असेल, तर 'किरणोत्सर्ग' सरसकट खोडू नका.

प्रश्नकर्ती : आहे, एक पूर्ण परिच्छेद आहे! तिथे दोन्ही शब्द ठेवते. आता इलेक्ट्रॉनचा 'स्पिन', म्हणजे त्याला चुंबकासारखं वागायला लावणारा अंगभूत गुण, तेवढा उरला. 'परिवलन' लिहू?

– पारिभाषिक शब्द म्हणून ठीक, पण पृथ्वीच्या परिवलनामुळे वाचकाला गरगरणारा गोळा दिसेल आणि इलेक्ट्रॉन तसा फिरत नाही. मी 'स्पिन'च ठेवीन.