व्होल्पीला रोज खेळवायचं की बसवायचं?

पार्सिपनीकर:
न्यूयॉर्क यांकीज या आपल्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) अँथनी व्होल्पी याच्याबद्दल काल 'हडसनपार' यांनी इथे चार ओळी टाकल्या: 'व्होल्पीचे लाड पुरे झाले. तीन वर्षांत कळलं की तो रोज खेळण्याच्या लायकीचा नाही. खांदा बरा झाला की दुसऱ्या संघाला ट्रेड करा, शॉर्टस्टॉप संघातल्याच काबायेरोला द्या आणि विषय संपवा.' वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अँथनी व्होल्पी २०२३ मध्ये यांकीजकडून पहिल्याच दिवशी शॉर्टस्टॉपला उभा राहिला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता. ट्रिपल-एचे, म्हणजे मुख्य लीगच्या लगेच खालच्या पायरीचे, जेमतेम २२ सामने खेळून आलेला. त्या वर्षी २१ होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके), २४ चोरलेले बेस (फटक्याची वाट न बघता धावून गाठलेले) आणि उत्तम क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह. यांकीजच्या एकाही नवख्या खेळाडूला त्याआधी गोल्ड ग्लव्ह मिळालेलं नव्हतं. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, चौथा सामना आठवा. आपण ०-३ ने मागे, त्या सामन्यातही २-१ ने मागे, बेस भरलेले, आणि या पोराने डॅनियल हडसनचा चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. माझ्या घरी त्या रात्री सत्तरीची आई, मी आणि धाकटा, तिघं सोफ्यावर उभे होतो. आईला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण ती रडत होती.

२०२५ मध्ये ३ मे रोजी त्याने चेंडूसाठी झेप घेतली आणि डाव्या खांद्यात 'पॉप' झालं. त्यानंतर तो अख्खा हंगाम त्याच खांद्यावर खेळला. इंजेक्शनं घेतली, ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. २१२ ची सरासरी (हजारात २१२ यशस्वी फटके) दिसते सगळ्यांना, खांद्यातलं लॅब्रम फाटलेलं कुणी बघत नाही. आणि यांकीजचा जुना दिग्गज शॉर्टस्टॉप डेरेक जीटर, ज्याच्याशी तुम्ही रोज तुलना करता, त्याने १९९३ मध्ये ग्रीन्सबरोला एकाच हंगामात ५६ एरर (क्षेत्ररक्षणाच्या चुका) केले होते. तेव्हा कुणी म्हणालं का, याला विका?

हडसनपार:
लांबलचक लिहिलं म्हणून मुद्दा खरा ठरत नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये खांदा ठणठणीत होता ना? सरासरी २०९ आणि २४३. ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) तिन्ही वर्षं हजारात तीनशेच्या खाली. ज्याला बेसवर पोचताच येत नाही, तो चोऱ्या करून किती करणार?

आणि जीटरचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ते ५६ एरर खालच्या मायनर लीगमध्ये झाले. चुका करायची जागा तीच. ब्राँक्सला, यांकीजच्या घरी, कायमचा आला १९९६ मध्ये, तेव्हा ३१४ ची सरासरी आणि रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा). व्होल्पीचं शिकणं मात्र थेट आपल्या पैशांनी, यांकी स्टेडियममध्ये चाललंय.

माझा खरा राग पोरावर नाहीच. २०२१ च्या हिवाळ्यात शॉर्टस्टॉप कोरी सीगर करारातून मोकळा होता. टेक्सासने त्याला दहा वर्षांचे साडेबत्तीस कोटी डॉलर दिले. आपण म्हटलं, आमच्याकडे घरची पोरं तयार होतायत. सीगर २०२३ च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. आपण घरच्या पोराची वाट बघतोय.

मृदुला_फिजिओ:
खांद्याबद्दल थोडं, कारण दोघंही तो अर्धवट वापरताय. मी रोज खांदेच बघते.

व्होल्पी उजव्या हाताने मारतो. म्हणजे डावा खांदा पुढचा. बॅट फिरवताना पुढचा खांदा सगळं ओढून नेतो आणि शेवटी ब्रेकही तोच लावतो. बाहेरच्या चेंडूवर बॅट हुकली की ती सगळी ओढ खांद्याच्या खोबणीच्या कडेवर येते. लॅब्रम म्हणजे ती कड. फाटली की दुखतंच असं नाही, पण शरीर स्वतःच जपायला लागतं. बॅट अर्ध्या वाटेत मंदावते आणि पेशंटला ते कळतही नाही. माझ्याकडे एक सॉफ्टबॉल खेळणारी मुलगी यायची. ती सांगायची, 'दुखत नाही, पण माझी बॅट माझी वाटत नाही.'

म्हणून २०२५ चे आकडे पाहून निकाल देऊ नका एवढंच म्हणते. पण पार्सिपनीकर, तो फेकतो उजव्या हाताने. थ्रोच्या चुका डाव्या खांद्यावर ढकलू नका.

पार्सिपनीकर:
ताई, ग्लव्ह डाव्या हातात असतो. चेंडू नीट हातात बसला नाही की घाई होते आणि घाईत थ्रो जातो. एवढं तरी मान्य करा.

मृदुला_फिजिओ:
काही चुकांपुरतं मान्य. त्याच्या २०२५ मधल्या १९ च्या १९ एररना नाही.

दादरवाला_काका:
मी बेसबॉल जावयामुळे बघायला लागलो, पण हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. साडेचारशेहून जास्त सामने मिळाले या मुलाला. मुंबईच्या अमोल मुजुमदारला भारताकडून किती मिळाले? एकही नाही.

१९८८ ला आझाद मैदानावर सचिन आणि विनोदने ६६४ ची भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून पुढचा बसला होता तो अमोल. मी त्या वेळी फोर्टमध्ये नोकरीला होतो. १९९४ ला पदार्पणाच्या रणजी सामन्यात २६०. पुढे अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा. भारताची टोपी नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून सीमारेषेवर उभा कोण होता? मी इथे पहाटे उठून बघत होतो, डोळ्यांतून पाणी थांबेना. हे तुमचं 'संधी द्या, वेळ द्या' सगळं ठीक आहे, पण वेळ कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, त्याबद्दल बोला.

कुर्ला_टू_क्वीन्स:
काका, आदर राखून सांगतो, पण अमोलच्या वेळी मधल्या फळीत जागाच नव्हती. द्रविड, गांगुली, सचिन, नंतर लक्ष्मण. बसवणार कुणाला?

दादरवाला_काका:
हे वाक्य तीस वर्षं ऐकतोय. द्रविड आणि गांगुली कसोटीत आले जून १९९६ ला. अमोलचे २६० फेब्रुवारी १९९४ चे. मधली सव्वादोन वर्षं जागा कुठे गेली होती? आणि मुंबईचे फिरकीपटू पॅडी शिवलकर? प्रथम श्रेणीत ५८९ बळी. तिथे बेदी होता, मान्य. पण एक कसोटी? एक? मी कांगा लीगमध्ये त्यांना समोरून खेळलोय, पावसात भिजलेल्या उघड्या विकेटवर. पहिला चेंडू पॅडवर आला, दुसरा बॅटला लागलाच नाही, तिसऱ्याला ऑफ स्टंप गेली. मान वर करून बघितलं तर ते पुढच्या षटकासाठी शर्टाची बाही दुमडत होते. अशा माणसाला कुणी 'दिवसेंदिवस सुधारतोय' म्हणून तीन वर्षं सांभाळलं नाही. सांभाळायची गरजच नव्हती, फक्त घ्यायचं होतं.

कुर्ला_टू_क्वीन्स:
मग रोहित शर्माचं काय? २००७ ला पदार्पण, २०११ च्या वर्ल्ड कपच्या संघात नाही. लोक म्हणायचे, टॅलेंट टॅलेंट करून किती दिवस काढणार. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू. २०१३ मध्ये सलामीला पाठवला, त्याच वर्षी बंगळुरूला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९. धीर धरला नसता तर तो आज कुठे असता?

हडसनपार:
हा बेसबॉलचा धागा आहे. दर वेळी शिवाजी पार्कला का नेता?

दादरवाला_काका:
कारण आम्ही तिथून आलोय! तुम्ही सीगरचा हिशोब चार वर्षं उगाळता तो चालतो, आम्ही शिवलकरांचं नाव घेतलं की विषयांतर?

हडसनपार:
काका, मी आवाज चढवला नव्हता. आणि माझ्या वडिलांनीही पुण्यात क्लब क्रिकेटमध्ये उमेदवारीची वर्षं घालवली आहेत. कुणाची शिफारस नाही म्हणून बाहेर बसणं काय असतं, ते मला घरात जेवताना रोज ऐकायला मिळालंय. म्हणूनच नावाजलेल्या पोराला अमर्याद संधी मिळाली की माझं डोकं सटकतं. व्होल्पी ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीतला, न्यू जर्सीत वाढलेला, लहानपणापासून यांकीजभक्त. गोष्ट छान आहे. गोष्टीवर बॅट फिरत नाही.

ईस्ट_ब्रन्सविकची_आई:
मी सहसा लिहीत नाही, पण आज लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना ट्रॅव्हल टीममध्ये शॉर्टस्टॉप होता. अकरा नंबरची जर्सी मागून घेतली होती, व्होल्पीची. हंगामाची फी भरली, दोन बॅट घेतल्या, दर शनिवार-रविवार पेनसिल्व्हेनिया नाही तर डेलावेअर. एका स्पर्धेत त्याच्या हातून लागोपाठ दोन ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) सुटले. दुसरा त्याच्या हनुवटीला लागून उडाला. पुढच्या इनिंगला प्रशिक्षकाने त्याला राइट फील्डला पाठवलं आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच ठेवलं. एक शब्द बोलला नाही. आमच्या पोराने विचारलंही नाही. घरी येताना गाडीत मागच्या सीटवर बसून ग्लव्हच्या दोऱ्या सोडायचा आणि परत बांधायचा.

त्याचे बाबा म्हणाले, आता रोज शंभर ग्राउंडर. रोज ड्राइव्हवेवर तेच. एका संध्याकाळी पोराने ग्लव्ह कचऱ्याच्या डब्यावर ठेवला आणि आत निघून गेला. मी तो ग्लव्ह अजून जपून ठेवलाय. आता तो ट्रॅकवर धावतो, खूश आहे.

म्हणून पार्सिपनीकर आणि काका, मला तुमच्या दोघांच्याही बोलण्याचा त्रास होतो. काकांना वाटतं संधी न मिळणं हेच दुःख. रोज सगळ्यांसमोर उभं राहून चुकत राहणं, आणि कुणी 'बाळा, दोन दिवस बस' असंही न म्हणणं, तेही दुःखच आहे. २०२५ च्या प्लेऑफमध्ये टोरांटोविरुद्ध तो अकरा वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला, खांदा तसाच. त्याला तेव्हा बसवलं असतं तर ती शिक्षा नव्हती. माया होती.

कुर्ला_टू_क्वीन्स:
ताई, वाचून गप्प बसलो.

पार्सिपनीकर:
ताई, हे मला पटतंय, आणि माझ्या विरोधात जातंय हेही दिसतंय. मी 'झुंजला, माघार घेतली नाही' म्हणून त्याचं कौतुक करत होतो. माझा धाकटा चौदा वर्षांचा आहे. मनगट सुजलेलं असताना गेल्या वसंतात पाच सामने खेळला, मला सांगितलं नाही. मी नंतर त्याला शाबासकी दिली. देऊ नये, हे आज कळतंय.

हडसनपार:
ताई, तुमच्या मुलाच्या प्रशिक्षकाचं वागणं चूकच. पण मुद्दा तुमचाच पुढे नेतो. १९५१ मध्ये मिकी मँटलला यांकीजने जुलैमध्ये कॅन्सस सिटीला, म्हणजे मायनरला, पाठवलं होतं. तिथेही सूर सापडेना. वडील हॉटेलवर आले आणि मुलाची बॅग भरायला लागले, चल घरी म्हणून. तो राहिला. ऑगस्टमध्ये परत वर आला. पुढे यांकीजचा दिग्गज झाला. आपला ॲरन जजही २०१६ मध्ये १७९ च्या सरासरीवर होता, ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट. ऑक्टोबरच्या प्लेऑफचं दडपण नव्हतं, त्याला हिवाळाभर स्विंग बदलायला वेळ मिळाला, आणि २०१७ ला ५२ होमरन. खाली पाठवणं, थांबवणं म्हणजे संपवणं नव्हे. व्होल्पीला तीन वर्षांत कुणी नीट थांबवलं नाही, हीच माझी तक्रार.

पार्सिपनीकर:
काल तुम्ही 'ट्रेड करा, विषय संपवा' लिहिलं होतं. आज 'थांबवा' म्हणताय. बदललात.

हडसनपार:
खांद्याबद्दल मृदुलाताईंनी जे लिहिलं ते मला माहीत नव्हतं. बॅट मंदावते आणि त्यालाच कळत नाही, हे मी धरलं नव्हतं. म्हणून 'ट्रेड' मागे घेतो, फक्त तेवढंच. 'काबायेरोला शॉर्टस्टॉप द्या' मागे घेत नाही. त्याने २०२४ ला टँपा बेकडून ४४ बेस चोरले, अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त. २०२६ च्या हंगामाची सुरुवात व्होल्पीची हुकणारच आहे. तोपर्यंत काबायेरो नीट खेळला, तर व्होल्पीचा खांदा बरा झाला एवढ्यावर जागा परत द्यायची नाही. आधी स्क्रँटनला, आपल्या ट्रिपल-ए संघात, जाऊन मारून दाखवू दे, दोन आठवडे नाही, सहा आठवडे.

मृदुला_फिजिओ:
सहा आठवडे खांद्यासाठीही बरे. शस्त्रक्रियेनंतर ताकद लवकर येते, खांद्यावरचा भरवसा उशिरा येतो.

पार्सिपनीकर:
सहा आठवडे जास्त आहेत. चार. आणि स्क्रँटनमध्ये शॉर्टस्टॉपलाच खेळवायचं, दुसऱ्या बेसवर सरकवायचं नाही.

हडसनपार:
चारला तयार आहे, पण ऑन-बेस बघणार. होमरन नाही.

दादरवाला_काका:
स्क्रँटन इथून किती लांब? जावई म्हणतो दोन तास. मे महिन्यात जाऊ म्हणतो. ईस्ट ब्रन्सविकच्या ताई, मुलाला यायचं असेल तर गाडीत जागा आहे. ग्लव्ह आणायची सक्ती नाही.