मदत हवी आहे: घरासमोरचा फुटपाथ खचलाय, दुरुस्तीचे पैसे कोण देतं? (तातडीचे)

उदास_बोका (सोमवार, सकाळी ७:५२)
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. घरासमोरचा फुटपाथ खचलाय. परवा आप्पा दूध आणायला निघाले, पाय आत गेला आणि पडले. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तीन टेबलं फिरून झाली. पहिलं म्हणालं आमच्याकडे येत नाही, दुसऱ्यावरचे साहेब साइटवर, तिसऱ्यानं अर्जावर शिक्का मारला आणि "फंड आला की बघू" म्हणून वाटेला लावलं. हा फंड येतो कुठून? घरपट्टी भरतो ती जाते कुठं? मी पदरच्या पैशानं करून घेतलं तर कुणी अडवेल का? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा. संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय.

चटकदार (८:१०)
"खरंच माहीत आहे त्यांनीच" अशी अट घातलीत तर धागा ओस पडेल, साहेब.

अजिंक्यताराखाली (८:३१)
मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. आमच्या गोडोलीत असंच काम झालं. वॉर्डातल्या नगरसेवकाला आधी फोन मात्र करा, नाहीतर कागद तिथंच झोपतो.

उदास_बोका (८:४०)
मी सांगलीचा आहे.

चटकदार (८:४२)
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर सातारकरांचा चहा गार झाला नसता. सांगलीला महापालिका आहे हो, मुख्याधिकारी नाहीत, आयुक्त असतात.

अजिंक्यताराखाली (८:५५)
१९९८ च्या आधी तुमच्याकडंही नगरपालिकाच होती की. एवढं हिणवायचं काम नाही.

अर्जदार (९:१५)
सरळ माहितीचा अधिकार टाका. १० रुपयांचा स्टॅम्प, अर्जात चारच गोष्टी मागा: त्या गल्लीत शेवटचं काम कधी झालं, ठेकेदार कोण, मोजमाप पुस्तिकेची प्रत, दोष दायित्व कालावधी कधी संपतो. कालावधी शिल्लक असेल तर ठेकेदारानं फुकट करून द्यायचं असतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. मी आजवर असे ४१ अर्ज टाकलेत.

टेप_आणि_ओळंबा (९:४८)
४१ अर्ज टाकलेत, त्यातले किती फुटपाथ झाले तेही लिहा. तीस दिवस उत्तराची वाट बघेपर्यंत त्या खड्ड्यात दुसरे आप्पा पडतील.

बोकाशेठ, मी ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालोय, सांगलीत नाही पण याच पट्ट्यात. तुमचा रस्ता नेमका कुठला? सार्वजनिक बांधकाम खात्याचा की महापालिकेचा? की गुंठेवारीतला, म्हणजे विनामंजुरी पाडलेल्या प्लॉटांतला, अजून ताब्यातच न दिलेला? हे कळल्याशिवाय तुम्हाला कोणतंही टेबल सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

उदास_बोका (१०:०५)
शंभर फुटी रस्त्याच्या आतली गल्ली. गुंठेवारी नाही, मंजूर ले-आउट आहे. फुटपाथ म्हणजे फुटपाथ, त्यात गुंठेवारी कुठून आली? मी फंडाचं विचारलं होतं.

टेप_आणि_ओळंबा (१०:५०)
बरं, फंडाचं सांगतो. घरपट्टी, पाणीपट्टी, शासनाची अनुदानं हे सगळं एका हंड्यात पडतं खरं, पण बाहेर काढायला प्रत्येक कामाची वेगळी पळी असते. तिला लेखाशीर्ष म्हणतात. अंदाजपत्रकात ज्या लेखाशीर्षाखाली तरतूद आहे तिथलेच पैसे त्या कामाला. तरतूद संपली की साहेब कितीही चांगला असो, पेन चालत नाही. वित्त आयोगाच्या पैशालाही तसंच दावं आहे. पंधराव्या आयोगानं दहा लाखांखालच्या शहरांना २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी दिलेल्या अनुदानात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले, ४० टक्के मोकळे. म्हणजे फुटपाथ आला त्या ४० मध्ये, आणि त्या ४० वर अख्ख्या शहराचा डोळा.

मोठं काम असेल तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, मग कार्यादेश. पाच-सहा महिने सहज. पण एखाद-दुसरी मोडलेली जागा असेल तर हे रामायण लागत नाही. प्रभाग कार्यालयाकडं किरकोळ दुरुस्तीचा वार्षिक ठेका असतो, त्यातून होतं. शाखा अभियंत्याला जागेवर आणा, एवढंच कौशल्य.

सिव्हिल२००९ (११:२०)
दुरुस्ती मागताना नियमाप्रमाणेच मागा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये (२०१२) फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर दिली आहे.

चटकदार (११:२६)
१.८ मीटर फुटपाथ दिला तर गल्लीत मोटारसायकल उभी करून न्यावी लागेल.

सिव्हिल२००९ (११:३१)
ह्याच वृत्तीमुळे आपल्याकडे काही होत नाही.

नलूमावशी (१२:०२)
मी सध्या लेकीकडे कॅलिफोर्नियात आहे, झोप येत नाही म्हणून वाचतेय. तुम्हाला वाटतं तिकडे सगळं चकाचक असतं. सॅन फ्रान्सिस्कोत घरापुढचा फुटपाथ घरमालकानंच नीट ठेवायचा असा नियम आहे! लॉस एंजेलिसवर तर अपंगांनी खटला भरला होता. २०१६ मध्ये तडजोड झाली तेव्हा शहरानं तीस वर्षांत सुमारे १.४ अब्ज डॉलर फुटपाथांवर घालायचं कबूल केलं. झाडाची मुळं काँक्रीट वर उचलतात, तो मुख्य रोग. तुमच्या घरासमोर झाड आहे का?

उदास_बोका (१२:१५)
झाड नाही. मावशी, मला कॅलिफोर्निया नकोय.

वकील_नव्हे (१२:४०)
नुकसानभरपाई मागा ना! सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्येच सांगितलंय की चालण्यायोग्य फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख असं आहे. आप्पांचे एक्स-रे, बिलं, जागेचे फोटो जपून ठेवा.

उदास_बोका (१२:४४)
हे आवडलं. अडीच लाख म्हणजे कुठं अर्ज करायचा?

टेप_आणि_ओळंबा (१:१०)
थांबा जरा. तुमचं "फुटपाथ" म्हणजे पेव्हर ब्लॉक की गटारीवरचे ढापे?

उदास_बोका (१:१३)
ढापेच. आमच्या गल्लीत सगळे त्यावरूनच चालतात म्हणजे फुटपाथच झाला ना.

टेप_आणि_ओळंबा (१:३०)
झाला घोळ. म्हणून पहिलं टेबल "आमच्याकडे येत नाही" म्हणालं, ते खरं बोललं. तुम्ही अर्जात फुटपाथ लिहिलंत, तो गेला रस्त्याच्या लेखाशीर्षाकडं. ढापा म्हणजे गटारीचं झाकण, त्याचा अर्ज वेगळा. फोटोत ढाप्याच्या शेजारचं गटार दिसेल असं बघा.

आणि स्वतः करून घेणार असाल तर वरून सिमेंट ओतू नका. ढापा उचलता आला पाहिजे, नाहीतर गाळ काढायला पुढच्या पावसाळ्यात कुदळ घालावी लागेल. मग पाणी तुंबून तुमच्याच दारात.

मिरजेचा_तंबोरा (१:५५)
ढापे म्हटलं की २०१९ आठवतं. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ओसरल्यावर गावभागात निम्मे ढापे जागेवर नव्हते. काठी आपटत आपटत चालायचो. हाही पुराचाच प्रताप असेल.

चटकदार (२:०१)
शंभर फुटीच्या आतल्या कोरड्या गल्लीत २०१९ चा पूर आत्ता कसा आला हो?

अर्जदार (२:२०)
कोणी का मोडेना, मोजमाप पुस्तिका मागवा. ढाप्याची जाडी कमी निघाली तर ठेकेदार सापडलाच.

टेप_आणि_ओळंबा (२:३५)
जाडीवर बोलायला तुम्ही ढापा बघितला नाही, मीही नाही. पण चाळीस वर्षं ढापे बघितले. ढापा माणसाच्या चालण्यानं मोडत नाही, तो चाकाखाली मोडतो. पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी, नाहीतर वाळूचा ट्रक. बोकाशेठ, आसपास कुणाचं बांधकाम चालू आहे का?

वकील_नव्हे (४:१५)
@उदास_बोका, कागदपत्रांची यादी पाठवू का?

चटकदार (६:४०)
संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं त्यांना. संध्याकाळ झाली, मालक कुठायत? मी भडंग घेऊन बसलोय.

उदास_बोका (रात्री ९:२२)
चालू आहे. आमचंच. वरचा मजला चढवतोय. पण त्याचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. ट्रक रस्त्यावरच थांबतो. दोनदाच मागं घेऊन फाटकापर्यंत आणला, स्टीलच्या वेळी आणि खडीच्या वेळी.

चटकदार (९:२४)
:)

अर्जदार (९:३०)
माझा माहितीच्या अधिकाराचा सल्ला मी मागे घेतो.

वकील_नव्हे (९:३३)
हम्म. अडीच लाखांचं तूर्त राहू द्या.

टेप_आणि_ओळंबा (९:५०)
बांधकाम परवाना काढा आणि त्यावरच्या अटी वाचा. रस्ता-गटारीचं नुकसान कुणी भरून द्यायचं ते तिथं आहे का बघा. आज रात्री आधी एक काम: तिथं बॅरल उभं करा, लाल कापड बांधा. स्लॅबची फळी टाकून झाकू नका, फळी खचली की तीच गत.

नलूमावशी (१०:०५)
आप्पांना बरं वाटतंय का आता?

उदास_बोका (१०:१८)
हात दुखतो म्हणतात. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेकेदारांबद्दल ऐकवतायत. मी त्यांना अजून काही बोललेलो नाही.

बॅरल ठेवलं. शिक्का मारलेला अर्ज परत घेता येतो का?

टेप_आणि_ओळंबा (१०:२५)
परत कशाला? उद्या दुसरा द्या, विषय "गटारीवरील तुटलेले ढापे बदलणे" आणि खाली लिहा, खर्च भरायला तयार आहे. ढापा त्यांच्या मापानं बसेल, पावती तुमच्या नावानं फाटेल. आणि खडीवाल्याला सांगा, पुढची खेप कोपऱ्यावर.