मदत हवी आहे: 'तंबाखू घेता का?' हे मराठीत नेमकं कसं विचारायचं?

सुदामानगरी

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न, मग पाल्हाळ. साठीच्या आसपासच्या मराठी बायका तंबाखू घेतात की नाही हे त्यांना विचारायचं आहे आणि उत्तर खरं यायला हवं आहे. कसं विचारू?

आता पाल्हाळ. मी इंदूरला असते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. माझी भाची इथेच एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करते आहे. तिचा प्रबंध हिरड्यांवर आहे: मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या हिरड्यांत काय फरक दिसतो. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांत मराठी घरं पुष्कळ, माझ्या ओळखीही पुष्कळ, म्हणून तिनं मला जुंपलं. भाची हिंदी माध्यमातली. मराठी फाडफाड बोलते, पण लिहायची वेळ आली की 'मावशी, तूच कर ना'. त्यामुळे हिंदी फॉर्मचा मराठी अनुवाद माझा. प्रश्न विचारते मी, तोंडं तपासते ती. दुपारी दोन ते चार जातो. प्रत्येक घरी चहा आणि सेव, नको म्हटलं तर राग.

६४ फॉर्म झाले. तंबाखूच्या रकान्यात 'हो' किती? दोन. त्यातल्या एक काकू पानात तंबाखू घालतात आणि ते अभिमानानं सांगतात. भाची म्हणाली, मावशी, हे शक्य नाही. कित्येकींच्या खालच्या पुढच्या दातांपाशी हिरड्या खाली सरकल्या आहेत, मुळं उघडी पडली आहेत, आतून काळसर थर आहे. फक्त पुढेच, दाढांपाशी तसं नाही.

मला काही कळेना. परवा सकाळी कळलं, आणि ते आमच्याच गॅलरीत. सासूबाई मशेरी भाजत होत्या. त्यासाठी बिडाचा एक तवा वेगळा ठेवला आहे, त्यावर पोळी कधी टाकत नाहीत. तंबाखूचं पान करपून काळंकुट्ट झालं की खलबत्त्यात कुटायचं, जुन्या बिस्किटांच्या डब्यात भरायचं. मग बोटानं दाताला लावायची: सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा, रात्री एकदा. उजव्या हाताची तर्जनी नखापाशी कायमची चहाच्या रंगाची.

मी आत जाऊन फॉर्म क्रमांक ११ काढला. माझंच अक्षर. 'आपण तंबाखूचे सेवन करता का?' नाही. मीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, 'इश्श, सेवन कसलं, मी काय पुरुषमाणूस आहे का?' आणि मी हसून खूण केली. डबा तेव्हा समोर खिडकीत होता. सत्तावीस वर्षं त्या तव्याच्या धुरानं खोकते आहे मी, तरी मशेरी म्हणजे तंबाखू हे त्या क्षणी माझ्याही डोक्यात आलं नाही.

तर अडचणी अशा. प्रश्न कसा बदलू? झालेल्या ६४ फॉर्मांचं काय करू? निदान डझनभर घरांत डबा मी डोळ्यांनी पाहिला आहे, तिथं मीच 'हो' करून टाकलं तर चालेल का? तिच्या मार्गदर्शकांना विचारलं तर 'जो बोला वो लिखो, आगे बढ़ो' एवढंच उत्तर आलं.

आणि एक. सासूबाईंच्या खालच्या ओठाच्या आत, मशेरी लावतात तिथंच, पांढरा चट्टा आहे. भाचीनं परवा पाहिला आणि गप्प झाली. त्या म्हणतात चुना लागला असेल. त्या चुना खात नाहीत. यासाठी धागा काढला नव्हता, पण आता लिहिलंच आहे तर असू दे.

कृपया 'सोडायला सांगा' एवढंच लिहू नका. ते मलाही कळतं.

खणखणीत

माझे आजोबा ग्वाल्हेरला ९१ वर्षं जगले, दिवसाला एक बंडल विडी. शेवटपर्यंत काठी नाही. कशाला म्हातारीच्या मागे लागता? हे प्रबंध कपाटात जातात आणि वाळवी खाते.

सरासरी_माणूस

खणखणीत, आजोबांना नमस्कार. त्यांच्या बरोबरीचे जे साठीत गेले ते इथं प्रतिसाद द्यायला येणार नाहीत, म्हणून आजोबांचीच गोष्ट ऐकू येते. इंग्लंडमध्ये १९५१ पासून डॉक्टरांच्याच सवयी लिहून घेतल्या आणि पुढची ५० वर्षं त्यांचा माग ठेवला. सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. त्यातही नव्वदी गाठणारे होतेच. सरासरी म्हणजे सगळे नव्हेत.

ताई, तुमचा पेच मला फार आवडला (माफ करा, आवडला म्हणजे ओळखीचा वाटला). मी आकड्यांचंच काम करतो. तुमचा अनुवाद चुकीचा नाही, फक्त त्यातलं क्रियापद कुणाच्या घरातलं नाही. मराठीत तंबाखूचं सेवन कुणीच करत नाही. तंबाखू मळतात किंवा खातात, विडी ओढतात, तपकीर ओढतात, मशेरी लावतात. 'लावणाऱ्या' बाईला 'खाता का' विचारलं तर ती नाही म्हणणार, आणि ती खोटं बोलत नसेल.

डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली फुफ्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास छापला, तेव्हा आधी धूम्रपान करणारा कोण हे ठरवून घेतलं होतं: आयुष्यात कधीतरी निदान एक वर्षभर रोज एक तरी सिगारेट ओढलेला माणूस. कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत या व्याख्येबाहेरचे निघाले फक्त २. तुलनेसाठी घेतलेल्या तेवढ्याच दुसऱ्या रुग्णांत २७. आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे, ५० जणांना त्यांनी सहा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा तोच प्रश्न परत विचारला, उत्तर बदलतं का ते बघायला. तेव्हा परत जाण्यात कमीपणा काही नाही.

स्वतः 'हो' मात्र करू नका. डबा सासूचा असेल, लावत नणंद असेल. शिवाय ज्या घरांत तुम्ही स्वयंपाकघरापर्यंत गेलात तिथलेच फॉर्म सुधारतील, दिवाणखान्यातून परतलात ते तसेच राहतील. पहिलं उत्तर खोडू नका, शेजारी नवा रकाना काढा, तारीख टाका आणि सगळ्या ६४ जणींना परत विचारा. फॉर्म बदलणार असाल तर भाचीनं आधी नीतिसमितीला (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला) लेखी कळवून मंजुरी घ्यावी. मार्गदर्शक काहीही म्हणोत, हा बदल कागदावर हवा.

एवढा आटापिटा का, तर 'नाही'च्या ढिगात मशेरीवाल्या मिसळल्या की मशेरी निर्दोष ठरते, कारण दोन्ही ढिगांतल्या हिरड्या सारख्याच खराब दिसतात. त्याहून वाईट शक्यता अशी की मधुमेहाच्या बायकांना डॉक्टर आधीच गोड खाण्यावरून बोलत असतात, म्हणून त्या जास्त लपवत असतील. तसं असेल तर मशेरीनं केलेलं नुकसान मधुमेहाच्या खात्यावर जमा होईल, आणि भाचीचा प्रबंध ते सही-शिक्क्यासकट छापेल.

राजवाडा_रिटर्न

इंदूरचाच आहे म्हणून सांगतो, पुरुषांचंही असंच आहे. 'गुटखा खाता?' म्हटलं की 'ना भिया'. मध्य प्रदेशानं १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आणली, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांखाली देशात सगळ्यात आधी. त्यानंतर पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी. माणूस टपरीवर दोन्ही घेतो, एकीत दुसरी ओततो, बोटानं टिचकी मारून हलवतो आणि तोंडात टाकतो. त्याच्या हिशेबानं त्यानं गुटखा खाल्लाच नाही. आमच्या ऑफिसच्या तपासणीत निम्मे लोक असे 'नाही'वाले होते. त्यातला एक मी. आता बंद आहे.

मांडवीकर

बडोद्याहून. आमच्या इथल्या बायका दाताला घासायच्या तंबाखूला 'बजर' म्हणतात. मराठी घरांतही तोच शब्द शिरला आहे. माझी काकू 'मी मशेरी लावत नाही' असं ठासून सांगायची आणि खरंच नव्हती लावत, बजर घासायची! तुमच्याकडे छत्तीसगडकडून आलेल्या घरांत 'गुडाखू' मिळेल. तेव्हा एकाच नावावर अडू नका, सगळी नावं म्हणून दाखवा.

दाढदुखी

मी दंतवैद्य आहे, तेव्हा तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेते. पांढरा चट्टा रोज मशेरी टेकते नेमक्या त्याच जागी आहे. गॉझनं हलक्या हातानं पुसून जात नसेल आणि दोन आठवड्यांत गेला नाही, तर तोंडाच्या तज्ज्ञाला दाखवायचाच. चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, बहुतेक चट्टे तिथवर जात नाहीत. पण कुठला जाईल हे नुसतं बघून मलाही सांगता येत नाही, त्यासाठी छोटा तुकडा काढून तपासतात. जागा बधिर करतात, दुखत नाही. पांढऱ्यात लाल ठिपके असतील, हाताला कडक लागत असेल किंवा रक्त येत असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

मशेरीबद्दल एक गैरसमज असा की भाजली म्हणजे तिचं विष गेलं. उलट आहे. तंबाखूतली नायट्रोसॅमाईन ही कर्करोग घडवणारी द्रव्यं राहतातच, वर करपल्यामुळे धुरात असतात त्यातली काही द्रव्यं तिच्यात येतात. बिनधुराच्या तंबाखूनं माणसाला कर्करोग होतो याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेला शंका उरलेली नाही, त्यांनी तो पहिल्या गटात टाकला आहे. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण गॅलरीतल्या तव्यावर बंदी कोण आणणार?

मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला. बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्या त्यातल्या बहुतेक मशेरीच लावायच्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. तेव्हा सुनांना-लेकींनाही सांगा.

आणि भाचीला सांगा, सिगारेट-विडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार झाकला जातो. 'रक्त नाही म्हणजे हिरडी चांगली' असं फॉर्मात गृहीत धरलं असेल तर तेही तपासा.

प्रश्न असा विचारा, मी दवाखान्यात असाच विचारते: 'सकाळी दाताला काय लावता?' मग गप्प बसा. बाई स्वतःच सुरू होते. 'तंबाखू' हा शब्द शेवटपर्यंत काढायचा नाही. कधीपासून, दिवसातून किती वेळा, किती वेळ तोंडात ठेवता, हे नंतर. आणि सून-मुलगा खोलीत नको.

सरासरी_माणूस

गप्प बसा, हे सगळ्यात मोलाचं. आणखी थोडं: २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत बिनधुराच्या प्रकारांची नावं वेगवेगळी घेऊन विचारलं होतं. त्यात धूम्रपान करणाऱ्या बायका २.० टक्के निघाल्या आणि बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्या १२.८ टक्के. नुसतं 'सेवन' विचारलं असतं तर हा दुसरा आकडा कुठं गेला असता कुणास ठाऊक. पैसे असतील तर थोड्या जणींच्या लाळेत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारं द्रव्य) तपासता येतं. निकोटिन काही तासांत उतरतं, कोटिनिन दोन-तीन दिवस सापडतं. दक्षिण कोरियात तसं तपासलं तेव्हा धूम्रपान करणाऱ्या बायका सांगितल्यापेक्षा दुपटीहून जास्त निघाल्या. पण त्यासाठी परवानगी आणि संमती दोन्ही नव्यानं लागतील. न सांगता लाळ घ्यायची नाही.

सुदामानगरी

सर्वांचे आभार. खणखणीत, तुमचेही, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर त्या खूश झाल्या.

भाचीनं नीतिसमितीला अर्ज दिला. मंजुरी यायला तीन आठवडे गेले. नवा रकाना आला आहे. सध्या १९ घरी परत जाऊन आलो. 'दाताला काय लावता?' म्हटलं आणि जीभ दाताखाली धरून बसले. पहिल्याच काकू म्हणाल्या, 'पेस्ट.' मी गप्प. 'आणि नंतर जरा मशेरी. तुला देऊ का? दाढेला छान असते.' १९ पैकी ८ जणी 'लावतात'. आधी या सगळ्या 'नाही' होत्या. एकीनं तर विचारलं, गेल्या वेळी का नाही विचारलंस?

घरचा फॉर्म मात्र मी भरला नाही, भाचीनं भरला, मला बाहेर काढून. सासूबाईंनी सगळं सांगितलं. १९६८ ला लग्न होऊन साताऱ्याकडून इंदूरला आल्या, पहिल्या बाळंतपणात दाढ ठणकायला लागली, रात्री दोन वाजता त्यांच्या सासूबाईंनी स्वतःच्या बोटानं मशेरी लावली. दाढ पुढं काढली, मशेरी राहिली. 'त्यांचं नाव लिहायला जागा आहे का कागदावर?' असं त्यांनी विचारलं म्हणे. जागा नाही. भाचीनं शेऱ्यात लिहिलं.

चट्टा मात्र अर्जासाठी थांबवला नव्हता. तज्ज्ञांनी पाहिला, गेल्या गुरुवारी तुकडा काढला, अहवाल सोमवारी आहे. तवा मी माळ्यावर टाकला. डबा त्यांनी दिला नाही. त्यात अजून दोन बोटं मशेरी आहे, ती संपली की नवी भाजणार नाही म्हणतात. पण मशेरी लावल्याशिवाय पोटच साफ होत नाही, ही त्यांची खरी तक्रार आहे, दाताची नाहीच. १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्याच्या सरकारी क्रमांकावर बोलायला तयार आहेत, अट एकच, समोरून बाई हवी.

दाढदुखी ताई, ते पोटाचं काय करायचं तेवढं सांगाल का? इसबगोल त्यांना आवडत नाही.