ध्यानाने झालेल्या त्रासावरच्या संशोधनात मुलाखत द्यावी का?

सुनंदा_जुळे_सोलापूर

नमस्कार. नवी पेठेतल्या एका पतसंस्थेत मी कॅश काउंटरला आहे. प्रश्न जरा लांब होईल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मागे मी एका निवासी मौन शिबिराला गेले होते. नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांनी मला मायेने वागवलं. शेवटी शेवटी माझी झोप पार उडाली. डोळे मिटले की अंगाला झटके यायचे, खांदे आपोआप उडायचे. शिकवणाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, आतलं जुनं वर येतंय, फक्त बघत राहा. मी बघत राहिले. घरी आले तरी ते थांबेना. काउंटरवर नोटा मोजताना हात माझे वाटायचे नाहीत. बोटं बरोबर मोजायची, बंडल बरोबर बांधलं जायचं, रोजकीर्द जुळायची, आणि तरी मोजणारी बाई कुणी दुसरीच. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक बघायला उभी राहिले, तर सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं. लहानपणापासून त्या मिरवणुकीत माझे डोळे भरून येतात, त्या वर्षी काहीच झालं नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. बहिणीचं घर अशोक चौकाकडे, शेजारी यंत्रमाग. त्यांची खटखट छातीत शिरायची ती रात्री घरी आल्यावरही जायची नाही.

सासूबाई म्हणाल्या, तुळजापूरला ओटी भरून येऊ. भरली. मिस्टरांनी मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ध्यान पूर्ण बंद करायला लावलं, गोळ्या दिल्या. हळूहळू सगळं जागेवर आलं. आता बरी आहे, रात्रीची एक गोळी चालू आहे.

आता त्याच शिबिरातल्या एका मैत्रिणीमार्फत, ध्यानाच्या दुष्परिणामांवर संशोधन करणाऱ्या एका बाईंचा निरोप आलाय. व्हिडिओ कॉलवर मुलाखत, रेकॉर्डिंग होणार, नाव बदलणार. सोबत इंग्रजीत लांबलचक माहितीपत्रक आहे. मला मुलाखत द्यावीशी वाटते. मी रात्र-रात्र जागी होते तेव्हा असं दुसऱ्या कुणाला झालंय का हे शोधत होते, आणि मराठीत मला एक ओळसुद्धा सापडली नाही. पण पुन्हा सगळं सांगताना ते परत सुरू झालं तर? आणि नाव बदललं तरी सोलापूर, पतसंस्था, बाई एवढ्यावरून इथं कुणीही ओळखेल. शिबिरातले लोक दुखावतील ते वेगळंच. कुणी अशा संशोधनात भाग घेतलाय का?

रेवणसिद्ध_बाळीवेस

ताई, मी बरीच वर्षं रोज पहाटे ध्यानाला बसतो. माझी दारू त्याने सुटली, माझं घर त्याने वाचलं. त्यामुळे ‘ध्यानाचे दुष्परिणाम’ असं वाचलं की मनाला लागतं, हे आधी सांगतो.

पण तुम्ही लिहिलंय ते मी नाकारणार नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात चित्ताच्या विक्षेपांसोबत, म्हणजे मन विचलित होण्यासोबत, दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची गडबड सांगितलेली आहे. म्हणजे साधनेच्या वाटेवर अंग थरथरतं ही आपल्याकडे जुनी माहिती आहे. पूर्वी गुरू शेजारी असायचा, शिष्याचं जेवण-झोप बघायचा, साधना कमी कर म्हणायचा. आता एका हॉलमध्ये शे-दीडशे माणसं बसतात आणि नंतर आपापल्या गावाला जातात. त्यांच्याकडे बघणार कोण? हे संशोधन करणाऱ्यांना जरूर सांगा. माझी विनंती एवढीच, शिबिरात काही चांगलं मिळालं असेल तर तेही सांगा. शिबिरातले लोक दुखावतील म्हणून गप्प बसू नका. ज्याची साधना खरी आहे तो ऐकून घेईल.

पुण्यातला_सोलापूरकर

मी अशी मुलाखत दिली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न साधारण असे होते: कुठल्या पद्धतीचं ध्यान, रोज किती वेळ, आधी मनाचा काही आजार होता का, झोप आणि जेवण कसं होतं, त्रास नेमका कधी सुरू झाला, शिकवणाऱ्यांनी काय सांगितलं, कशाने वाढला, कशाने कमी झाला. चांगले बदलही विचारले, त्यामुळे रेवणसिद्ध काकांची शंका तिथे मिटेल. मला सगळ्यात अवघड गेला तो शिकवणाऱ्यांचा प्रश्न. मधे थांबलो, पाणी प्यायलो, त्यांनी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी खूप थकवा होता. मुलाखतीनंतरचा दिवस मोकळा ठेवा. एकूण मला हलकं वाटलं.

तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला झालंय का, तर हो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य देशांतल्या बौद्ध परंपरेत ध्यान करणाऱ्या ६० जणांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या, शिवाय शिक्षक आणि तज्ज्ञांशी बोलले. त्यातून ५९ प्रकारचे अनुभव नोंदवले गेले. झोप उडणं, अंगाला झटके, आवाज सहन न होणं, भावना आटून जाणं, हात-पाय आपले न वाटणं, सगळं त्यात आहे. काहींचा त्रास काही दिवसांत गेला, काहींचा वर्षानुवर्षं टिकला. ज्यांना आधी मनाचा कुठलाही आजार नव्हता अशी माणसंही त्यात आहेत. आपल्यातच काही खोट असेल असं मला तोवर वाटायचं. त्या अभ्यासाने ते ओझं उतरलं.

दुसरं, तुम्ही सांगण्याने काय फरक पडतो? २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्रास झालेल्यांचं प्रमाण सगळे मिळून ८.३ टक्के निघालं. पण प्रयोग करून केलेल्या अभ्यासांत ते ३.७ टक्के होतं आणि निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांत ३३.२. एवढी तफावत! माणसं वेगवेगळी होती हे एक कारण असेलच, पण मला वाटतं कुणी किती खोदून विचारलं हे मोठं कारण आहे. ध्यानाने फायदा किती झाला हे मोजणाऱ्याने त्रास विचारलाच नाही, तर तो कागदावर येणार कसा?

निवृत्त_सिस्टर

सुनंदा, मी मानसोपचार वॉर्डला नोकरी केली आहे, म्हणून थोडं स्पष्ट बोलते.

बोलून हलकं वाटतं हे वरच्या भाऊंचं खरं असेल, पण प्रत्येकाचं तसं होत नाही. काहींना त्या रात्री पुन्हा झोप लागत नाही. म्हणून सगळ्यात आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. त्यांनी हो म्हटलं तरच तारीख दे. आणि मुलाखतीत डोकं स्वच्छ राहावं असं वाटलं तरी त्यासाठी गोळी चुकवायची नाही, तशी चुकवणारे मी पाहिलेत. बाई कितीही प्रेमाने ऐकत असल्या तरी त्या माहिती गोळा करायला आल्यात, तुझ्यावर उपचार करायला नाही. हे मनाशी पक्कं ठेव.

माहितीपत्रक इंग्रजीत आलं असेल तर मराठीत मागून घे. भारतातल्या संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. भाग घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे, नैतिकता समितीची मंजुरी पाहिजे, संमतीपत्राची प्रत तुला मिळाली पाहिजे आणि कुठल्याही टप्प्यावर कारण न देता तुला बाहेर पडता आलं पाहिजे. समितीचा संपर्क त्या कागदावर असतो. नसेल तर सही करू नकोस.

ओळख पटण्याची तुझी भीती अगदी रास्त आहे. नाव बदललं म्हणजे सगळं झाकलं जात नाही. त्यांना लेखी कळव की सोलापूरऐवजी ‘महाराष्ट्रातलं एक शहर’ म्हणा, पतसंस्थेऐवजी ‘नोकरी’ म्हणा, आणि नंदीध्वजांचं तर नावच नको, त्यावरून गाव लगेच कळतं. माझं बोलणं जसंच्या तसं छापणार असाल तर आधी मला दाखवा, असंही लिही. रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार, कधी पुसणार, ते विचार. छापून आल्यावर काही मागे घेता येत नाही, म्हणून हे सगळं आधी.

आणि मधेच कधी जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

सुनंदा_जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ, ‘हात-पाय आपले न वाटणं’ हे वाचलं आणि मिस्टरांना हाक मारून दाखवलं. रेवणसिद्ध काका, शिबिरात पहिले काही दिवस मला जी शांतता मिळाली तशी आयुष्यात कधी मिळाली नव्हती. ती खरी होती. मी ते सांगणार आहे.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, द्यायला हरकत नाही, पण झोप कमी पडत असताना नको. पतसंस्थेत मार्च एंडला घरी यायला रात्र होते, म्हणून बाईंना एप्रिलनंतरची वेळ मागितली आहे. मराठी माहितीपत्रक, समितीच्या मंजुरीची प्रत, शहराचं नाव नको आणि छापण्याआधी माझं बोलणं दाखवायचं, एवढं ईमेलमध्ये लिहिलं. मुलाखत मराठीतच देईन असंही कळवलं. नोटा मोजतानाचं ते मला इंग्रजीत सांगताच येणार नाही.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. मुलाखतीच्या वेळी मिस्टर शेजारी बसले तर चालतं का?

निवृत्त_सिस्टर

चालतं, फक्त बाईंना आधी कळव, म्हणजे त्या तशी नोंद करतील. पण मिस्टरांसमोर बोलता येणार नाही असं काही असेल तर त्यांना बाहेरच्या खोलीत बसव. दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नकोस.