तिमोरास्सो द्राक्ष मागे का पडलं? माहिती हवी आहे
मंडळी, इटलीत पिएमोंतेमधल्या तोर्तोनाच्या टेकड्यांवर तिमोरास्सो हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष एकेकाळी भरपूर होतं. फायलोक्सेरा किडीने बागा बसल्या आणि नव्या लागवडीत शेतकऱ्यांनी जास्त उतारा देणारं कोर्तेझे हे दुसरं वाण लावलं. तिमोरास्सो तसं त्रासाचंच वाण: एकाच घडात मोठे-बारीक मणी, वर मणीगळ. तरी तिथले वाइन-उत्पादक वॉल्टर मासा यांनी १९८०च्या दशकात ते चिकाटीने वाचवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझा प्रश्न मधल्या काळाचा आहे. फायलोक्सेराला तोंड देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम करून हेच वाण पुन्हा का नाही लावलं? नुसतं उत्पन्नाचं गणित, की शहरांकडे गेलेले मजूर हेही कारण? इटालियन वाचणारं कोणी आहे का? तिथल्या लागवडीच्या जुन्या नोंदी कुठे शोधाव्यात?