ग्लॉक १७ ची मूठ कापावी की सरळ ग्लॉक १९ घ्यावं?

डॅलसकर

ग्लॉक १७ पिस्तूल आहे, जेन ३ (तिसरी पिढी). टेक्सासमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आहे, कॅरी लायसन्सही आहे. पिस्तूल आजवर फक्त रेंजवर वापरलं. आता शर्टाखाली, पँटच्या आत, उजव्या कमरेला जरा मागे (घड्याळात चार वाजतात त्या जागी) बाळगायचं आहे. पुढे वाकलं की मुठीचं टोक शर्टातून उठून दिसतं. साधारण साडेपाचशे डॉलर घालून जरा आखूड असलेलं १९ घ्यावं, की याच फ्रेमची (मुठीसकट खालचा सांगाडा) मूठ कापून १९ चं मॅगझिन (गोळ्यांचा डबा) वापरावं? १७ ची चार मॅगझिन पडून आहेत, तीही वाया जाऊ नयेत.

खटका

आधी आकडे बघा. १७ ची उंची साधारण १३९ मिमी, १९ ची १२८. लांबीत फरक १७ मिमीचा, बॅरलमध्ये (नळीत) १२ मिमीचा (११४ आणि १०२). जाडी मात्र दोघांची सारखीच. म्हणजे तुम्ही पैसे मोजणार ते मुठीच्या ११ मिलिमीटरसाठी. नळी पँटच्या आत जाते, ती कुणाला दिसत नाही. दिसते ती मूठच, त्यामुळे तुमचं निदान बरोबर आहे.

पण अडचण जाडीची असेल तर १९ घेऊनही काही साधणार नाही. मग ग्लॉकचंच ४८ किंवा ४३एक्स बघा. उंची १९ एवढीच, जाडी मात्र सुमारे २८ मिमी. किंमत मोजावी लागते ती राउंडमध्ये (गोळ्यांमध्ये): १५ च्या जागी १०.

मॅगझिनची काळजी सोडा. १७ चं मॅगझिन १९ मध्ये चालतं, खाली ११ मिमी बाहेर राहतं इतकंच. उलटं चालत नाही. १९ चं मॅगझिन न कापलेल्या १७ मध्ये कॅचपर्यंत (मॅगझिन धरून ठेवणारी खिटी) पोचतच नाही.

कानस

कापण्याचं काम अवघड नाही, पण परतीची वाट नाही. कापायचंच असेल तर हे वाचून मग करवत उचला.

पिस्तूल रिकामं करून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. स्लाइड (वरचा सरकणारा भाग) उतरवा, ट्रिगर हाउसिंगसकट आतले सगळे भाग काढा, नुसती फ्रेम हातात राहू द्या. माप म्हणून १९ चं मॅगझिनच वापरा. बाहेरून फ्रेमला चिकटवून धरा, मॅगझिनची कॅचची खाच फ्रेममधल्या कॅचच्या जागेशी जुळवा, आणि बेसप्लेटची वरची कड जिथे येते तिथे टेप लावून रेघ मारा. कड पुढेमागे एका पातळीत नसते, म्हणून रेघ चारही बाजूंनी मारायची. रेघेच्या खाली दीड मिलिमीटर राखून बारीक दातांच्या करवतीने हाताने कापा. रोटरी टूल जोरात फिरवलं तर पॉलिमर वितळतं आणि कड लोण्यासारखी ओघळते. उरलेला दीड मिलिमीटर कानस आणि सपाट ठोकळ्यावरच्या सँडपेपरने, दर दोन-चार हातांनी मॅगझिन लावून बघत.

चूक दोन्हीकडे होते. कमी कापलं तर मॅगझिन कॅचमध्ये अडकत नाही, हात काढला की खाली. हे बरं, अजून घासता येतं. जास्त कापलं की मग पंचाईत. मॅगझिन वर जाताना शेवटी थांबवते ती बेसप्लेट, फ्रेमच्या कडेवर टेकून. कडच वर सरकली तर स्लाइड मागे अडकलेली असताना जोरात ठोकलेलं मॅगझिन जास्त वर जातं आणि इजेक्टरला धडकतं. इजेक्टर वाकला की रिकामी केस बाहेर फेकली जात नाही. भाग स्वस्त आहे, पण फ्रेम तशीच राहणार, म्हणजे पुन्हा वाकणार. म्हणून जोडून झाल्यावर स्लाइड मागे अडकवून, डमी राउंड भरलेलं मॅगझिन वीसेक वेळा जोरात ठोकून बघा आणि इजेक्टरवर ओरखडे आहेत का ते पाहा.

मॅगझिनच्या मागची पोकळी मुळातच खालून उघडी असते, कापल्यावरही तशीच राहते, तिथे कचरा साठतो. सिरीयल नंबरची पट्टी पुढे, डस्टकव्हरखाली (फ्रेमचा नळीखालचा भाग) आहे, तिला धक्का लागत नाही. वॉरंटी गेली समजा, आणि विकताना गिऱ्हाईक नाक मुरडणार. तुमचं जेन ३ आहे म्हणून एवढं तरी लिहिलं. जेन ४ मध्ये बदलता येणारी बॅकस्ट्रॅप (मुठीची मागची पट्टी) मुठीच्या तळाला अडकते, मूठ कापली की ती सोयच जाते.

होल्स्टरवाले_काका

दोन्ही राहू द्या, आधी होल्स्टर आणि पट्टा बदला. चारच्या जागी सरळ उभं पिस्तूल वाकल्यावर हमखास मूठ बाहेर काढतं. होल्स्टर १०-१५ अंश पुढे झुकवा, मूठ कमरेच्या वळणावर येते. जमत असेल तर अपेंडिक्सला, पुढच्या बाजूला घ्या: होल्स्टरला क्लॉ हवा (पट्टा त्याला दाबतो आणि मूठ पोटाकडे वळते) आणि नळीच्या टोकाशी आतून फोमची पाचर. इथे लांब स्लाइडचा फायदाच होतो, ती पट्ट्याखाली टेकते आणि मूठ आत खेचली जाते. ग्लॉकने ४९ काढलं ते हेच ओळखून: स्लाइड १७ ची, मूठ १९ ची. ४५ नेमकं उलटं, लांब मूठ आणि आखूड स्लाइड, लपवायला कुचकामी.

१९ जेन ५ घेतलंत तर जुनं जेन ३ चं होल्स्टर तपासून घ्या. जेन ५ ला स्लाइड स्टॉप उजवीकडेही आहे, काही होल्स्टरमध्ये तो अडकतो.

कलमबहाद्दर

मुठीचं प्लास्टिक कापायला टेक्सासमध्ये आडकाठी नाही. पण हा धागा इतरही वाचतील म्हणून: एच-१बी, एफ-१ वगैरे व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने पिस्तूल बाळगताच येत नाही, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीत मॅगझिन १० राउंडचंच, तेव्हा तिथे १७ विरुद्ध १५ हा हिशेबच संपतो. भारतातल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. ९ मिमी पॅराबेलम (१७ आणि १९ ची गोळी) तिथे प्रतिबंधित बोअर आहे, आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ खाली गुन्हा.

डॅलसकर

आधी क्लॉ आणि पाचरवालं होल्स्टर. त्यात नाही जमलं तर १७ न कापता ठेवून १९ घ्यायचं, बरोबर ना?

कानस

बरोबर. आणि १९ वापरलेलं जेन ३ मिळालं तर उत्तम, आतले बरेच भाग तुमच्या १७ शी जुळतात. रिकॉइल स्प्रिंग आणि बॅरल मात्र नाही, ते एकमेकांत घालायला जाऊ नका.